कोडमधली नावे आणि रिव्ह्यूअरची नजर

मुक्तस्रोत प्रकल्पाला कोणीही कोड पाठवू शकतो. तो मूळ कोडमध्ये घ्यायचा की नाही हे प्रकल्प सांभाळणारे मेंटेनर ठरवतात. त्याआधी रिव्ह्यू होतो आणि कोड बरोबर चालतो का, याच्या जोडीने व्हेरिएबलची नावेही तपासली जातात. कॉम्प्युटरला नावाशी काही देणेघेणे नसते. 'एक्स' म्हटले काय आणि 'टोटल_अमाउंट' म्हटले काय, उत्तर तेच येते. नाव असते ते पुढे कोड वाचणाऱ्यासाठी, आणि मुक्तस्रोतात हा वाचणारा लिहिणाऱ्याला बहुधा कधी भेटलेलाही नसतो.

नाव किती लांब असावे, याचे चांगले उत्तर लिनक्स कर्नलच्या कोडिंग शैलीच्या दस्तऐवजात आहे. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या या दस्तऐवजात नावांवर वेगळे प्रकरणच आहे. चार ओळींच्या लूपमधल्या काउंटरला 'आय' पुरे. त्याला 'लूप_काउंटर' म्हणणे वायफळ. मात्र सगळीकडून वापरता येणाऱ्या ग्लोबल फंक्शनचे नाव वाचताच काम कळले पाहिजे: 'काउंट_अ‍ॅक्टिव्ह_युजर्स' चालेल, स्वर गाळून आखडलेले 'सीएनटीयूएसआर' चालणार नाही. म्हणजे नावाचा वावर जितका मोठा, तितके ते बोलके हवे. नावातच डेटाचा प्रकार कोंबण्याची 'हंगेरियन' पद्धत तिथे मूर्खपणाची ठरवली आहे, कारण प्रकार तपासायला कंपायलर असतोच.

पायथन भाषेतल्या नावांचे नियम २००१ सालच्या 'पेप ८' या दस्तऐवजात आहेत. फंक्शन आणि व्हेरिएबल लहान अक्षरांत, शब्दांमध्ये अंडरस्कोर. क्लासच्या नावात मात्र प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर कॅपिटल. लहान 'एल', मोठा 'ओ' आणि मोठा 'आय' ही एकाक्षरी नावे पूर्ण वर्ज्य, कारण काही फाँटमध्ये ती एक आणि शून्य या आकड्यांसारखी दिसतात.

नियम पाठ असला की रिव्ह्यू जमला, असे मात्र नाही. पायथनच्याच, चाचण्या लिहिण्यासाठीच्या 'युनिटटेस्ट' मॉड्यूलमध्ये 'असर्टइक्वल'सारखी नावे अंडरस्कोरशिवाय, मधले अक्षर कॅपिटल करून लिहिलेली आहेत. हे मॉड्यूल जावाच्या 'जेयुनिट'वरून घेतले, नावांची ढबही तिथूनच आली. आज ती बदलली तर जगभरच्या चाचण्या मोडतील. म्हणून २०२२ मध्ये पायथन ३.११ मध्ये तिथे ज्या नव्या मेथड आल्या, त्यांची नावेही जुन्याच ढंगात ठेवली गेली. आजूबाजूच्या कोडशी जुळणे हे पुस्तकी शुद्धतेपेक्षा महत्त्वाचे, असे 'पेप ८' स्वतःच सांगतो.

अंडरस्कोर, कॅपिटल अक्षरे असल्या गोष्टी लिंटर नावाची साधने आपोआप पकडतात. माणसाने त्यात वेळ घालवू नये. माणसाने पाहायचे ते वेगळेच. समजा, पॅचमध्ये, म्हणजे पाठवलेल्या बदलात, 'टाइमआउट' या व्हेरिएबलची किंमत ३० आहे. लिंटरला यात काहीच खटकत नाही. जाणकार रिव्ह्यूअर विचारतो, ३० सेकंद की ३० मिलिसेकंद? नाव 'टाइमआउट_एमएस' झाले की प्रश्नच मिटतो आणि पुढचा एक बगही टळतो. निव्वळ आवडीनिवडीची सूचना असेल तर तिच्याआधी 'निट' लिहायचा प्रघात आहे: ऐकलीत तर बरे, नाहीतर अडून बसणार नाही. बग दुरुस्तीच्या पॅचमध्येच जुनी नावे बदलणे मात्र बहुतेक मेंटेनरांना खपत नाही, कारण खरी दुरुस्ती त्या गर्दीत हरवते.

काही नावे अर्थापायी जातात. २०२० मध्ये लिनक्स कर्नलने 'मास्टर-स्लेव्ह' आणि 'ब्लॅकलिस्ट' हे शब्द नव्या कोडमध्ये टाळावेत असे ठरवले. जुन्या हार्डवेअरच्या किंवा प्रोटोकॉलच्या व्याख्येतच ते शब्द असतील, तर सूट आहे.

मराठीत नावे दिली तर? पायथन ३ मध्ये देवनागरी व्हेरिएबल चालते, पण पायथनच्या स्वतःच्या लायब्ररीत रोमन लिपीच लागते. गो भाषेत तर काना-मात्रा असलेले नाव कंपायलरच नाकारतो. तेव्हा पहिला पॅच पाठवण्याआधी त्या प्रकल्पाचा शैली-दस्तऐवज आणि ज्या फाइलला हात लावायचा आहे ती फाइल, दोन्ही नीट वाचून घ्यावे.