डोंगराचें सुतक

आप्ताच्या मृत्यूचा शोक समाजास मान्य आहे. त्याला सुतक आहे, दिवस आहेत, भेटीस येणारीं माणसें आहेत. परंतु एखादा डोंगर नाहींसा झाला, तर त्याचें सुतक कोणीं पाळावें?

खांदेश्वरापासून थोड्याच अंतरावर हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. नवी मुंबईच्या विमानतळासाठीं सुमारें 90 मीटर उंचीची उलव्याची टेकडी सुरुंगांनीं फोडून सपाट करण्यांत आली, उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला, आणि चिंचपाडा, कोल्ही, कोपर, कोंबडभुजे आदि दहा गांवें उठलीं. 25 डिसेंबर 2025 पासून तेथून प्रवासी विमानें उडूं लागलीं. विमानतळाची गरज कोणी नाकारणार नाहीं. तरी डोळ्यांस संवय झालेली क्षितिजरेषा पुसली गेली, हेंहि खरें.

ऑस्ट्रेलियांतील तत्त्वज्ञ ग्लेन आल्ब्रेक्ट यांना हंटर खोऱ्यांतील उघड्या कोळसाखाणींच्या शेजाऱ्यांत हेंच दुःख दिसलें. त्यांनीं त्याला ‘सोलास्टाल्जिया’ असें नांव दिलें. सासुरवाशिणीला माहेरची ओढ लागते, तेव्हां माहेर जागच्या जागीं असतें. येथें माणूस जागच्या जागीं असतो आणि माहेरच निघून जातें. हवामान पालटत चालल्यामुळें हा शोक आतां खाणी-टेकड्यांपुरता राहिलेला नाहीं. पावसाचे महिने बिघडणें, समुद्राची पातळी चढणें, हेंहि त्यांत आलें.

याला मनाचा दुबळेपणा म्हणणें चूक होय. मात्र शोक आपोआप कार्यास लावतो, असेंहि नाहीं. साऱ्या पृथ्वीसाठीं झुरणारा बहुधा हातपाय गाळून बसतो. पृथ्वीची तक्रार कोणत्या कचेरींत नोंदवावयाची? त्या शोकाला एक ठराविक जागा, बरोबरीचीं चार माणसें आणि दूर करतां येण्याजोगें कारण सांपडावें लागतें.

खांदेश्वराहून हार्बर मार्गानें मुंबईकडे जातां नेरूळ लागतें. तेथील डीपीएस तळ्यावर तें सांपडलें. खाडीच्या भरतीचें पाणी या तळ्यांत येई, आणि चिखलांतील शेवाळ व सूक्ष्म जीव टिपण्यास फ्लेमिंगो, म्हणजे रोहित पक्षी, उतरत. पाण्याच्या वाटा बुजल्या, तळें आटूं लागलें, आणि 2024 सालीं त्या परिसरांत फ्लेमिंगो मरून पडले. गुलाबी पंखांचीं तीं शवें पाहून हळहळलेल्या नागरिकांनीं तळ्याकांठीं मानवी साखळी धरली, पाणी कोठें अडतें याचा माग काढला, अर्जांवर अर्ज केले. 2025 सालीं राज्य वन्यजीव मंडळानें हें तळें संवर्धन राखीव करण्यास मान्यता दिली.

ही खटपट केवळ पक्ष्यांसाठीं नव्हे. खाडीकांठच्या पाणथळ जागा व तिवरांचीं बनें भरतीचा आणि पुराचा लोंढा झेलतात. तिवरें तर हवेंतील कर्ब चिखलांत पुरून ठेवतात. 26 जुलै 2005 रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, तो पाहिलेल्यांना याहून अधिक सांगणें नको.

राखीव ठरलें तरी गाळानें वाटा पुन्हां बुजूं शकतात. भरती दिवसांतून दोनदां येते. ती आंत शिरते कीं नाहीं, हें कोणींतरी कांठावर जाऊन पाहावें लागतें.