शरीरातील दोर आणि त्यांची दुरुस्ती

(खेळताना पाय मुरगळतो, गुडघा सुजतो, कोपर दुखते. पुष्कळदा हाड मोडलेले नसते. हाडांना बांधणारे दोर दुखावलेले असतात. हे दोर कसे असतात, ते लवकर बरे का होत नाहीत आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी शास्त्रज्ञ कोणते प्रयत्न करत आहेत, हे या पाठात सांगितले आहे.)

टाचेच्या थोडे वर, मागच्या बाजूला बोटांनी चाचपून पाहा. एक जाड, ताठ दोर हाताला लागेल. पोटरीचा स्नायू या दोराने टाचेच्या हाडाला बांधलेला असतो. स्नायू आखडला की दोर ओढला जातो, टाच वर उचलली जाते आणि आपण पाऊल टाकतो. स्नायू आणि हाड यांना जोडणाऱ्या अशा दोराला स्नायुरज्जू म्हणतात. डॉक्टर त्याला टेंडन म्हणतात. दोन हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा वेगळा. तो अस्थिबंध, म्हणजेच लिगामेंट.

टाचेचा स्नायुरज्जू शरीरात सर्वांत मजबूत असतो. त्याला अकिलीस या ग्रीक वीराचे नाव दिले आहे. अकिलीस लहान असताना त्याच्या आईने त्याला जादूच्या नदीत बुडवले, म्हणून त्याच्या अंगाला शस्त्र लागत नसे. पण आईने त्याला टाचेला धरले होते. ती टाच कोरडी राहिली आणि पुढे तेथेच बाण लागून तो मेला, अशी कथा आहे.

काथ्याचा दोर उलगडून पाहिला तर त्यात लहान दोऱ्या दिसतात आणि त्या दोऱ्यांत बारीक धागे. आपल्या शरीरातील दोरही असेच विणलेले असतात. त्यांचे धागे कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे असतात. हे दोर बळकट असतात, पण त्यांच्यात रक्तवाहिन्या फार कमी असतात. हात कापला तर रक्त येते, खपली धरते आणि काही दिवसांत जखम भरते. कारण दुरुस्तीचे सामान रक्तातूनच येते. दोरांना हे सामान थोडे थोडे मिळते. म्हणून ते बरे व्हायला आठवडे नव्हे, तर महिने लागतात. शिवाय नवे धागे पहिल्यासारखे सरळ आणि पक्के नसतात. फाटलेल्या कापडाला ठिगळ लावावे, तसे ते असतात.

डेन्मार्कमधील शास्त्रज्ञांनी २०१३ साली एक नवलाची गोष्ट दाखवून दिली. १९५० नंतरच्या काळात अणुबाँबच्या अनेक चाचण्या झाल्या. त्यामुळे हवेतील किरणोत्सारी कार्बन वाढला आणि पुढे हळूहळू कमी झाला. हा कार्बन अन्नातून माणसाच्या शरीरात गेला. त्याचे प्रमाण मोजून शरीराचा एखादा भाग केव्हा तयार झाला, हे ओळखता येते. टाचेच्या स्नायुरज्जूचा गाभा वयाच्या सुमारे १७ व्या वर्षापर्यंत तयार होतो आणि नंतर जवळजवळ बदलत नाही, असे त्यांना आढळले. म्हणजे तुमच्या वयात जो दोर वळला जात आहे, तोच तुम्हांला जन्मभर वापरायचा आहे!

क्रिकेट खेळणाऱ्यांना कोपराचे एक दुखणे माहीत असते. त्याला ‘टेनिस एल्बो’ म्हणतात, पण ते टेनिस न खेळणाऱ्यांनाही होते. कोपराच्या बाहेरच्या बाजूचा स्नायुरज्जू सततच्या ताणाने झिजतो आणि साधा पेला उचलणेही कठीण होते. २००४ साली सचिन तेंडुलकर यांना या दुखण्याने गाठले. २००५ साली लंडनमध्ये त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. ते पुन्हा मैदानावर आले आणि २०१० साली ग्वाल्हेरच्या एकदिवसीय सामन्यात त्यांनी नाबाद २०० धावा काढल्या.

पण प्रत्येक वेळी शस्त्रक्रियाच का करावी? पालीची तुटलेली शेपटी पुन्हा उगवते. मग आपले दोर शरीराकडूनच पुन्हा घडवून घेता येणार नाहीत का? या प्रश्नातून वैद्यकाची एक नवी शाखा निर्माण झाली. तिला पुनर्जनन वैद्यक म्हणतात.

या शाखेतील सर्वांत गाजलेला उपचार रुग्णाच्याच रक्ताचा आहे. डेंग्यूच्या बातम्यांत ‘प्लेटलेट्स’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. रक्त गोठवणारे हे अतिसूक्ष्म कण आहेत. त्यांच्यात जखम भरून आणणारे पदार्थही असतात. रुग्णाच्या हातातून थोडे रक्त काढतात आणि ते यंत्रात वेगाने फिरवतात. दही घुसळल्यावर लोणी वेगळे होते, तसे रक्ताचे भाग वेगळे होतात. ज्या भागात प्लेटलेट्स भरपूर असतात, तो भाग सुईने दुखऱ्या जागी सोडतात. यालाच ‘पीआरपी’ म्हणतात. २००९ साली हाइन्स वॉर्ड या अमेरिकन फुटबॉलपटूने गुडघ्याच्या दुखापतीवर हा उपचार घेतला आणि तो अंतिम सामना खेळला. त्यानंतर पीआरपीचे नाव सगळीकडे झाले.

एक खेळाडू बरा झाला, म्हणजे औषध खरे ठरले का? नाही. तो आपोआपही बरा झाला असेल. म्हणून हॉलंडमधील डॉक्टरांनी एक प्रयोग केला. टाचेचा स्नायुरज्जू दीर्घकाळ दुखणारे ५४ रुग्ण त्यांनी निवडले. काहींना पीआरपी दिले, तर काहींना नुसते मिठाचे पाणी. कोणाला काय दिले, हे रुग्णांना सांगितले नव्हते. व्यायाम मात्र सर्वांना दिला होता. २४ आठवड्यांनी पाहिले, तर दोन्ही गटांचे दुखणे सारखेच कमी झाले होते! हा निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाला. २०२१ साली ब्रिटनमध्ये २४० रुग्णांवर झालेल्या अभ्यासातही पीआरपीचा वेगळा फायदा दिसला नाही.

मग व्यायामाचे काय? त्याची गोष्ट गमतीची आहे. होकान आल्फ्रेडसन हे स्वीडनमधील हाडांचे डॉक्टर. त्यांची टाच दुखत असे. शस्त्रक्रिया करावी, असे त्यांनी आपल्या वरिष्ठांना सांगितले. पण शस्त्रक्रियेनंतर त्यांना रजा द्यावी लागेल आणि ते परवडणार नाही, म्हणून वरिष्ठांनी नकार दिला. आल्फ्रेडसन चिडले. दोर पुरता तुटला, तर शस्त्रक्रिया करावीच लागेल, असा विचार करून ते दुखत असतानाही टाचेवर मुद्दाम भार देऊ लागले. दोर तुटला नाही. उलट टाच बरी झाली! पुढे त्यांनी १५ धावपटूंना पायरीच्या कडेवर उभे राहून टाच सावकाश खाली नेण्याचा व्यायाम १२ आठवडे दिला. सर्व जण पुन्हा धावू लागले. हा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. आज हा व्यायाम जगभर शिकवला जातो. योग्य भार मिळाला की दोरातील पेशी जाग्या होतात आणि नवे धागे विणू लागतात. मात्र किती भार द्यायचा, हे जाणकाराकडूनच शिकावे लागते.

दुसरा उपचार मूलपेशींचा. मूलपेशींपासून शरीरातील निरनिराळ्या पेशी तयार होऊ शकतात. लंडनमधील पशुवैद्यांनी घोड्याच्या अस्थिमज्जेतून अशा पेशी काढल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या आणि घोड्याच्याच दुखावलेल्या स्नायुरज्जूत सोडल्या. २००३ साली त्यांनी याची माहिती प्रसिद्ध केली. माणसांच्या दोरांवर मात्र हा उपचार अजून प्रयोगाच्या अवस्थेत आहे.

गुडघ्याच्या आतील अस्थिबंधाची अडचण आणखी वेगळी आहे. तो तुटला की सांध्यातील पातळ द्रव तेथे रक्ताची गुठळी टिकू देत नाही. त्यामुळे तुटलेल्या टोकांमध्ये पूल बांधला जात नाही. म्हणून डॉक्टर शरीराच्या दुसऱ्या भागातील स्नायुरज्जू काढून तेथे बसवतात. बोस्टनच्या डॉक्टर मार्था मरे यांनी वेगळी वाट शोधली. जनावरांपासून मिळवलेल्या कोलॅजनचा एक स्पंज त्यांनी तयार केला. तो रुग्णाच्या रक्ताने भिजवून तुटलेल्या टोकांमध्ये बसवतात. स्पंज रक्त धरून ठेवतो, त्याच्या आधाराने दोर सांधू लागतो आणि सुमारे ८ आठवड्यांत स्पंज विरघळून जातो. माणसांवर त्याचा पहिला प्रयोग २०१५ साली झाला आणि २०२० साली अमेरिकेने त्याला मान्यता दिली.

असे यश मिळाले, की त्याच्या नावावर धंदा करणारेही पुढे येतात. ‘एका सुईत बरे व्हा’ अशा जाहिरातींना भुलून गरीब माणसे कर्ज काढतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ सालच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितले आहे, की रक्ताचे काही ठरावीक आजार सोडले, तर मूलपेशींचा वापर फक्त मान्यता असलेल्या प्रयोगातच करावा आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत. म्हणून कोणी असा उपचार सुचवला, तर विचारावे : हा उपचार किती रुग्णांवर तपासला? ज्यांना तो दिला नाही, त्यांचे काय झाले?

हे दोन प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. पण त्यांच्यामुळे पैसा आणि पाय दोन्ही वाचू शकतात.

शब्दार्थ

टाच – एडी
पोटरी – पिंडली
कोपर – कोहनी
मुरगळणे – मोच येणे
दुरुस्ती – मरम्मत
काथ्या – नारळाच्या सालीचे धागे
खपली – जखमेवर धरणारा सुका थर
गाभा – आतला मुख्य भाग
अस्थिमज्जा – हाडाच्या आतील मऊ भाग
भुलणे – फसणे, मोहात पडणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) स्नायुरज्जू कोणाला जोडतो?
(आ) आल्फ्रेडसन यांना शस्त्रक्रियेसाठी नकार का मिळाला?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) शरीरातील दोर लवकर बरे का होत नाहीत?
(आ) हॉलंडमधील डॉक्टरांनी काही रुग्णांना मिठाचे पाणी का दिले असेल?

३. वाक्यात उपयोग करा : नवल, चाचपणे, आपोआप, उलट.

४. वर्तमानपत्रातील औषधाची एखादी जाहिरात वाचा. ती देणाऱ्याला तुम्ही कोणते प्रश्न विचाराल, ते लिहा.