शासकीय निविदेची भाषा आणि लहान नवउद्योग

शासनाला नवे तंत्रज्ञान हवे असते आणि लहान नवउद्योगांजवळ ते पुष्कळदा तयारही असते. तथापि या दोघांत खरेदीचा करार सहजासहजी घडून येत नाही. याची कारणे सामान्यतः किंमत व गुणवत्ता यांत शोधली जातात. निविदापत्राच्या शब्दरचनेकडे मात्र पुरेसे लक्ष जात नाही.

निविदापत्रांत बहुधा तीन अटी आढळतात : मागील काही वर्षांची ठरावीक उलाढाल, तत्सम कामाचा पूर्वानुभव आणि बयाणा रक्कम. यांपैकी ‘तत्सम’ हा शब्द विशेष विचारार्ह आहे. जी वस्तू प्रथमच निर्माण झाली, तिच्यासारखे काम पूर्वी कोणी केलेले असणे संभवत नाही. म्हणजे नावीन्य हाच ज्याचा गुण, तोच उद्योग या शब्दाने अपात्र ठरतो.

केंद्र शासनाच्या 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनी ही अडचण ओळखली. नियम 170 अन्वये सूक्ष्म व लघु उद्योग आणि मान्यताप्राप्त स्टार्टअप यांना वगळून इतरांकडून बयाणा रक्कम घ्यावयाची असते. ही रक्कम अंदाजित मूल्याच्या 2 ते 5 टक्के असल्याने ही सूट अल्प नव्हे. नियम 173 मध्ये मात्र गुणवत्ता व तांत्रिक निकष पूर्ण होत असल्यास स्टार्टअपसाठी उलाढाल व पूर्वानुभव या अटी शिथिल ‘करता येतील’, अशा अर्थाची तरतूद आहे. पहिल्या नियमात सूट आहे. दुसऱ्यात केवळ मुभा. हा भेद व्याकरणापुरता राहत नाही. मुभा वापरणाऱ्या अधिकाऱ्याला लेखापरीक्षेत आपल्या निर्णयाचे समर्थन करावे लागते. न वापरणाऱ्याला तसे सहसा कोणी विचारीत नाही. साहजिकच जुनी अट कायम ठेवण्याकडे कल होतो.

दुसरा प्रश्न मागणीच्या वर्णनाचा आहे. जलवाहिनीतील गळती शोधावयाची असता विशिष्ट जातीचे ध्वनिग्राहक यंत्र मागितले, तर पाण्याच्या दाबावरून गळती ओळखणारी नवी रीत आपोआप बाद होते. ‘इतक्या अंतराच्या अचूकतेने गळती दाखवावी’ असे म्हटले, तर दोन्ही रीतींना वाव मिळतो. वर्णन शक्यतो कार्यलक्षी व मोजता येण्याजोगे असावे, विशिष्ट व्यापारी नावाचे नसावे, हे तत्त्व उपर्युक्त नियमांतही आहे. संरक्षण मंत्रालयाच्या 2018 मध्ये सुरू झालेल्या ‘आयडेक्स’ योजनेत सैन्यदलांच्या गरजा ‘आव्हाने’ म्हणून मांडल्या गेल्या व निवडलेल्या उद्योगांना नमुना विकसित करण्यासाठी अनुदान देण्यात आले. येथे वस्तूऐवजी प्रयोजनाचे वर्णन झाले.

अमेरिकेतील अनुभव याच संदर्भात बोधप्रद आहे. तेथील 1982 च्या कायद्याने, बाह्य संशोधनावर 10 कोटी डॉलरांहून अधिक खर्च करणाऱ्या केंद्रीय खात्यांवर त्या खर्चाचा ठरावीक हिस्सा लहान उद्योगांसाठी राखण्याचे बंधन घातले. आरंभी 0.2 टक्के असलेला हा हिस्सा पुढे 3.2 टक्क्यांपर्यंत वाढला. पहिल्या टप्प्यात कल्पनेची शक्याशक्यता, दुसऱ्यात विकास, तिसऱ्यात व्यापारी उपयोग वा शासकीय खरेदी, असा क्रम ठरला. परंतु राखीव निधी पहिल्या दोन टप्प्यांपुरताच होता. बंधन संशोधनास लाभले. खरेदी पुन्हा खात्याच्या इच्छेवर राहिली.

यावरून लहान नवउद्योगांना केवळ अर्ज भरण्याचे प्रशिक्षण देणे अपुरे आहे, हे स्पष्ट होते. अट शिथिल न करण्याची कारणे नोंदविण्याचे बंधन खात्यावर असावे, मागणी प्रयोजनाच्या भाषेत लिहिली जावी आणि यशस्वी नमुन्याच्या खरेदीची तरतूद आरंभीच्या करारातच असावी. यांपैकी दुसरे काम मसुदा लिहिणाऱ्यांच्या हाती असून त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.