उशीर कोणाचा, खोळंबा कोणाचा?

कचेरी भरण्याची वेळ होते. हजेरीपट काही मिनिटे टेबलावर राहतो आणि मग साहेबांच्या खोलीत जातो. त्यानंतर धापा टाकीत येणाऱ्याच्या नावापुढे तांबडी खूण पडते. अशा तीन लेटमार्कांना एक नैमित्तिक रजा वजा करण्याचा प्रघात अनेक कचेऱ्यांतून आहे. आता पुष्कळ ठिकाणी हजेरीपटाच्या जागी बोटाचा ठसा घेणारे यंत्र आले. परंतु खूण करणारा बदलला, तरी खुणेमागचा विचार बदललेला नाही, आणि तो विचार अपुरा आहे.

उशिरा येणाऱ्यास काहीच बोलू नये, असे आमचे म्हणणे नाही. पहाटेच्या पहिल्या एस.टी.ने तालुक्याच्या गावी आलेला शेतकरी खिडकीपुढे ताटकळत उभा असतो. कारकून अर्धा तास उशिरा येतो, तोवर रांग वाढलेली असते. शिक्का मारणारे साहेब त्याहून उशिरा येतात. काम उद्यावर जाते. त्या माणसाचा एक दिवसाचा रोजगार बुडाला, याची नोंद कोणत्याही हजेरीपटात होत नाही. उशिराचे खरे मोल हे आहे, आणि ते देणारा भलताच आहे.

शिक्षेलाही प्रमाण हवे. गैरहजेरीबद्दल पगार कापताना कपात गैरहजेरीच्या काळाच्या प्रमाणाबाहेर असू नये, हे सर्वसाधारण तत्त्व १९३६ च्या वेतनविषयक कायद्याने घालून दिले, व २०१९ च्या वेतन संहितेनेही ते राखले. रजेचा हिशेब मात्र निराळा चालतो. थोड्याशा उशिरास अर्ध्या दिवसाची रजा गेली, की माणूस साहजिकच म्हणतो, ‘रजा जायचीच आहे, तर दुपारनंतरच जावे.’ कचेरीचे वीस मिनिटांचे नुकसान अशा रीतीने अर्ध्या दिवसाचे होते.

धाकाचाही प्रयोग आपल्याकडे होऊन गेला आहे. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत कचेऱ्या वेळेवर भरू लागल्याचा मोठा गवगवा झाला होता. ती शिस्त अंगी मुरली असती, तर आज या विषयावर लिहिण्याची वेळच आली नसती.

मुंबईसारख्या शहरात प्रवासाचाही विचार करणे भाग आहे. कर्जत मुंबईपासून सुमारे १०० किलोमीटर, तर कसारा १२० किलोमीटर. तेथून रोज लोकलने येणाऱ्याची गाडी रखडली, तर तो दोष त्याचा नव्हे. मात्र रोजच गाडीकडे बोट दाखविणाऱ्याने एक गाडी अगोदरची धरावी, हेही तितकेच रास्त. महाराष्ट्र शासनाने २०२० साली पाच दिवसांचा आठवडा लागू केला, तेव्हा त्याच्या बदल्यात रोजच्या कामाची ४५ मिनिटे वाढविली होती. दोन दिवसांची सुटी मिळालेल्या नोकरवर्गाने ही मिनिटे प्रामाणिकपणे द्यावयास हवीत.

मग करावे काय? प्रथम, ज्या जागेवरील माणूस उशिरा आल्याने खिडकी बंद राहते, तिथे बदली माणूस आधीच नेमलेला असावा. ज्याच्या उशिराने कोणाचाही खोळंबा होत नाही, त्याला तेवढा वेळ सायंकाळी भरून देण्याची मुभा असावी. दुसरे, वारंवार उशीर करणाऱ्यास चारचौघांत टोमणे मारण्याऐवजी एकांतात बोलावून कारण विचारावे. घरी आजारी माणूस असणे वेगळे आणि खाली टपरीवर चहा पीत रेंगाळणे वेगळे. कारण खरे असेल तर वाट काढावी, नसेल तर लेखी समज द्यावी, व त्यानंतर मात्र कोणाचीही गय करू नये. तिसरे, मार्चअखेरीस रात्री आठपर्यंत बसणाऱ्या कारकुनाच्या त्या तासांचीही नोंद व्हावी. येण्याचा उशीर मोजायचा आणि जाण्याचा मोजायचा नाही, हा न्याय नव्हे.

आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्यांच्या खोलीत हजेरीपट जातो, त्यांनी तो येण्यापूर्वी आपल्या खुर्चीवर असावे. अकरा वाजता येणाऱ्या साहेबाने साडेदहाच्या कारकुनाला जाब विचारला, तर तो ऐकून घेईल, पण मानणार नाही. खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला मात्र दोघांचाही उशीर सारखाच भोवतो.