पेशींचे वार्धक्य आणि उतारवयातील मधुमेह

वरंध घाटाच्या पायथ्याच्या गावांतून आमच्याकडे येणारे वृद्ध रुग्ण बहुधा अंगाने सडपातळ असतात. रक्तातील साखर वाढली आहे असे सांगताच घरची मंडळी विचारतात, "जन्मभर डोंगर चढले, शेतात राबले, पोटही सुटलेले नाही, मग यांना साखर कशी?" ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर शरीरातील पेशींच्या वार्धक्यात सापडते.

पेशींचे विभाजन अमर्याद होत नाही, हे लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ साली दाखवून दिले. प्रत्येक विभाजनाबरोबर गुणसूत्रांची टोके, म्हणजे टेलोमिअर, आखूड होत जातात. या टोकांचे रक्षण कसे होते याच्या शोधासाठी २००९ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. टोके फार आखूड झाली किंवा पेशीला इजा झाली की तिचे विभाजन थांबते. अशा काही पेशी मरत नाहीत. त्या शरीरातच राहून दाह निर्माण करणारी द्रव्ये सोडत राहतात. चरबीच्या ऊतींत त्या साचल्या की इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो व साखर वाढते. वाढलेली साखर पुन्हा पेशींना इजा करते. असे हे दुष्टचक्र आहे.

याच सुमारास स्नायूही झिजू लागतात. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मोठ्या प्रमाणात स्नायूच वापरतात. ते घटले की साखरेला ठिकाणा उरत नाही.

सडपातळ अंगाचे कोडे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने उलगडले. पुणे जिल्ह्यातील खेड्यांत १९९३ साली सुरू झालेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो आढळले. आपल्या बालकांत स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणजे काटा कमी वजन दाखवत असला, तरी आतील चरबी कमी असतेच असे नाही. म्हणून वजनाबरोबर कंबरही मोजावी. पुरुषांत ९० सें.मी. व स्त्रियांत ८० सें.मी.पेक्षा अधिक घेर धोक्याची सूचना मानावा.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. जराग्रस्त पेशी नष्ट करणाऱ्या औषधांवर संशोधन चालू आहे. परंतु ती अद्याप नेहमीच्या उपचारांत आलेली नाहीत, त्यांच्या जाहिरातींना भुलू नये. खात्रीचे उपाय साधे आहेत: रोज चालणे, झेपेल तेवढे वजन उचलण्याचा व्यायाम, तंबाखू वर्ज्य करणे आणि ताटात भात थोडा कमी करून कुळीथ, वाल, मूग वाढवणे. ज्यांचे मूत्रपिंड अधू आहे त्यांनी कडधान्यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. मधुमेह्यांनी अनवाणी शेतात उतरू नये. बधिर पायाची जखम उशिरा लक्षात येते व प्रसंगी पाय गमवावा लागतो.

या भागातील अनेक घरांत तरुण मंडळी मुंबईला आणि वडीलधारी गावी असतात. गणपतीला, शिमग्याला गावी येणाऱ्या मुलांना आमची कळकळीची विनंती आहे की, आईवडिलांची उपाशीपोटी रक्तातील साखर वर्षातून एकदा तरी तपासून घ्यावी. ती १२६ किंवा अधिक आढळल्यास पुन्हा तपासून उपचार सुरू करावेत. १०० ते १२५ असल्यास सावध व्हावे. आमच्या देणगीदारांच्या मदतीमुळे अशा तपासण्या गरजूंपर्यंत पोहोचतात. वय वाढणे कोणालाही चुकलेले नाही. परंतु वेळीच झालेली तपासणी एखाद्याचे पाय, डोळे आणि मूत्रपिंडे वाचवू शकते.