पावसाळी खाडीतील कौटुंबिक गळ-मासेमारी : निसर्गक्रम, सुरक्षितता व स्थानिक ज्ञान

प्रस्तावना :
कोकणात पावसाळा हा समुद्राच्या विश्रांतीचा काळ मानला जातो. 2025 मध्येही महाराष्ट्राच्या सागरी क्षेत्रात 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यंत्रचलित नौकांची मासेमारी बंद होती. तथापि, खाडीकाठी गळाने मासे पकडणे, म्हणजेच 'गरवणे', या दिवसांतही चालते. या अनुभवासाठी मुलाबाळांसह कोकणात जाणाऱ्या कुटुंबाला स्थानिक वाटाड्याची गरज का भासते, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

1. पाऊस व माशांची हालचाल :
पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने खाडीत ते वरच्या थरात वाहते, तर जड खारे पाणी भरतीबरोबर तळातून आत शिरते. त्यामुळे मुसळधार पावसानंतर खाऱ्या पाण्यातील मासे तळाकडे किंवा खाडीच्या मुखाकडे सरकतात. गढूळ पाण्यात दृष्टी चालत नसल्याने मासा वास व कंपनांच्या आधारे भक्ष्य शोधतो. म्हणूनच अशा वेळी जिवंत कोळंबीचे आमिष उपयुक्त ठरते. खारभूमीच्या बांधाला असलेल्या उघाडीतून ओहोटीच्या वेळी पाणी बाहेर पडते, तेव्हा त्याबरोबर येणारे लहान जीव टिपण्यासाठी जिताडा, तांब यांसारखे मासे तेथे जमतात.

2. तिथी आणि भरतीचे गणित :
वाटाड्या घड्याळाआधी तिथी पाहतो. तिथीची पाऊणपट केली असता भरतीची स्थूल वेळ मिळते. उदाहरणार्थ, चतुर्थीस सुमारे 3 वाजता, तर अष्टमीस सुमारे 6 वाजता पूर्ण भरती असते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते. अष्टमीच्या आसपास भांग असते. उधाणात प्रवाह जोरकस असल्याने मासे अधिक हालचाल करतात, परंतु धोकाही वाढतो. मुले सोबत असल्यास मासे कमी मिळाले तरी भांगाचेच दिवस निवडणे श्रेयस्कर ठरते.

3. सुरक्षितता :
पर्यटकांसाठीची नौकासेवा साधारणतः मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत बंद असते. त्यामुळे जुलैमध्ये बांधावरून किंवा धक्क्यावरूनच गरवावे. होडीचा आग्रह सप्टेंबरनंतर धरावा. मात्र, परतीच्या पावसात दुपारनंतर विजांचा धोका मोठा असतो. कार्बन तंतूंपासून बनविलेली गळकाठी विजेची वाहक असते. म्हणून मेघगर्जना ऐकू येताच काठी खाली ठेवून पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर किमान 30 मिनिटे थांबावे. निघण्यापूर्वी हवामान विभागाचा इशारा पाहावा व होडीत प्रत्येकाने जीवरक्षक जॅकेट घालावे. वाटाड्याने 'आज नको' म्हटल्यास पुढे वाद घालू नये. ठरलेली रक्कम बुडेल या भीतीने त्याला नकार देणे अवघड होऊ नये, यासाठी सहल रद्द झाल्यास द्यावयाचे मानधन आधीच ठरवावे.

4. प्रजननाचा प्रश्न :
पावसाळा हा अनेक माशांचा विणीचा हंगाम असतो. जिताडा (लेट्स कॅल्केरिफर) सामान्यतः प्रथम नर म्हणून प्रौढ होतो व काही वर्षांनी मादी बनतो. साहजिकच मोठा जिताडा बहुधा मादी असतो आणि तिच्या पोटात लक्षावधी अंडी असू शकतात. छायाचित्रासाठी सर्वांना हवा असणारा मासाच खाडीच्या पुढील पिढ्यांचा आधार असतो. असा मासा ओल्या हातांनी धरून, गरी अलगद काढून लगेच पाण्यात सोडावा. शेंगाळ्याच्या जातीतील अनेक मासे तर अंडी तोंडात सांभाळतात आणि हे काम नर करतो. असा नर गळाला लागल्यास संपूर्ण वीण वाया जाण्याचा संभव असतो.

निष्कर्ष :
पावसाळी गरवणे हे केवळ मनोरंजन नसून भूगोल, प्राणिशास्त्र व लोकज्ञान यांचा एकत्रित परिपाठ आहे. महाविद्यालयीन क्षेत्रभेटींतही त्याचा उपयोग करता येईल. सहलीचे यश टोपलीतील माशांवर मोजल्यास वाटाड्यावर धोका पत्करण्याचे दडपण येते. कुटुंब सुखरूप परतले, मुलांना भरतीचे गणित उमगले आणि मोठा मासा पुन्हा खाडीत गेला, तर रिकामी टोपली हेही यशच मानावे लागेल.