घड्याळाचा वेल्क्रो पट्टा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मनगटी घड्याळाला वेल्क्रोचा कापडी पट्टा लावायचा म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर शाळकरी मुलांची घड्याळे येतात. चामड्याचा पट्टा समारंभाचा, स्टीलचा कायमचा आणि वेल्क्रोचा तात्पुरता, अशी वाटणी मनात पक्की झालेली असते. शिवाय ‘निसटतो’, ‘कुजतो’, ‘चार महिन्यांत पकड सोडतो’ या तक्रारी आहेतच. नीट पाहिले तर यांतल्या बऱ्याचशा तक्रारी पट्ट्याच्या नसून चुकीच्या मापाच्या, ढिल्या पिनेच्या आणि न केलेल्या सफाईच्या असतात.

गैरसमज : वेल्क्रोचा शोध ‘नासा’ने लावला.

वस्तुस्थिती : ‘नासा’ची स्थापना १९५८ सालची. त्याआधीच, १९५५ मध्ये, वेल्क्रोला अमेरिकेत पेटंट मिळाले होते. हा शोध जॉर्ज द मेस्त्राल या स्विस अभियंत्याचा. १९४१ मध्ये रानात फिरून आल्यावर कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेली बर्डॉकची काटेरी फळे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. प्रत्येक काट्याचे टोक आकड्यासारखे वळलेले होते आणि ते धाग्यांच्या फाशांत अडकत होते. हीच रचना नायलॉनमध्ये उतरवायला त्यांना अनेक वर्षे लागली.

अंतराळवीरांनी मात्र या पट्ट्याला नाव मिळवून दिले. जून १९६५ मध्ये एड व्हाइट यानाबाहेर तरंगले आणि जुलै १९६९ मध्ये बझ ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले, तेव्हा त्यांच्या पोशाखावरची ओमेगा स्पीडमास्टर घड्याळे लांब वेल्क्रो पट्ट्यांनी बांधलेली होती. हवा भरलेल्या जाडजूड बाहीवर नेहमीचा पट्टा पुरत नाही आणि हातमोजे घातलेल्या बोटांना बकलची बारीक पिन छिद्रात घालता येत नाही. वेल्क्रोने दोन्ही अडचणी सोडवल्या. ‘अपोलो १५’चे डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर वापरलेले बुलोव्हा घड्याळ २०१५ मध्ये लिलावात १६ लाख २५ हजार डॉलरना विकले गेले. त्यालाही वेल्क्रोचाच पट्टा होता.

गैरसमज : हाताने ओढला की ‘चर्र’ करून सुटतो, म्हणजे पकड कच्ची.

वस्तुस्थिती : वेल्क्रोची ताकद ओढ कोणत्या दिशेने बसते यावर ठरते. टोक धरून वर सोलले की आकड्यांची एकेक ओळ सुटत जाते, म्हणून जोर कमी लागतो. तोच पट्टा लांबीच्या दिशेने ताणला तर शेकडो आकडे एकाच वेळी ओढ सोसतात आणि तो सहसा हलत नाही. मनगटावर बांधलेल्या पट्ट्यावर येणारा ताण मुख्यतः या दुसऱ्या प्रकारचा असतो.

यासाठी एक अट मात्र पाळावी लागते. खरखरीत बाजूची पूर्ण पट्टी मऊ बाजूवर बसली पाहिजे. मनगट जाड आणि पट्टा आखूड असेल तर ती अर्धीच टेकते, पकडही तेवढीच कमी होते आणि मोकळे राहिलेले टोक बाहीत अडकून सोलले जाते. पट्टा घेताना लांबी मनगटावर बांधूनच पाहावी.

गैरसमज : रुंदीत एखादा मिलिमीटर इकडेतिकडे चालतो.

वस्तुस्थिती : पट्टा ज्या दोन कानांमध्ये बसतो त्यांच्यातले अंतर पट्टीने मोजता येते. ते बहुधा १८, २० किंवा २२ मिलिमीटर असते. रुंद पट्टा कोंबला तर कडा चुरगळून कापड विरते. अरुंद पट्टा कानांमध्ये त्याला धरून ठेवणाऱ्या स्प्रिंग पिनेवर सरकत राहतो. पिनही त्याच मापाची हवी. आखूड पिनेची टोके छिद्रात पुरेशी शिरत नाहीत आणि हलक्या हिसक्यानेही निसटतात.

पिन बसवताना घाई नको. खाली जाडसर कापड अंथरावे, कारण दाबलेली स्प्रिंग पिन सुटली तर थेट कपाटाखाली जाते. पट्ट्याच्या घडीतून पिन ओवावी, एक टोक एका कानाच्या छिद्रात टेकवावे, दुसरे टोक दुबेळक्या अवजाराने आत दाबून समोरच्या छिद्राकडे सरकवावे. ‘टक’ असा आवाज आला की पट्टा दोन्ही बाजूंनी ओढून पाहावा. ही ओढून पाहण्याची पायरी गाळली की घड्याळ रस्त्यात पडते आणि दोष वेल्क्रोवर येतो.

गैरसमज : माप जुळले की कोणताही पट्टा कोणत्याही घड्याळाला चालतो.

वस्तुस्थिती : काही घड्याळांत पिनेऐवजी पट्टा धरणाऱ्या दांड्या कायमच्या जोडलेल्या असतात, त्या निघत नाहीत. तिथे पिन ओवायचा दोन तुकड्यांचा पट्टा उपयोगाचा नाही. घड्याळाच्या पाठीमागून सरळ ओवला जाणारा एकसंध पट्टा किंवा दांडीभोवती गुंडाळून स्वतःवरच चिकटणारा पट्टा हवा. एकसंध पट्ट्याचा आणखी एक फायदा असा की एक पिन निखळली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर अडकून राहते.

स्मार्टवॉचसाठी मात्र हा एकसंध पट्टा अजिबात घेऊ नये. नाडीचे ठोके मोजणारा सेन्सर घड्याळाच्या पाठीवर असतो आणि कापड मध्ये आले की त्याचा प्रकाश त्वचेपर्यंत पोहोचत नाही. दोन बाजूंना जोडला जाणारा वेल्क्रो पट्टा तिथे चांगले काम देतो. त्याला ठरावीक छिद्रांचे बंधन नसल्याने व्यायामापुरता थोडा घट्ट आणि एरवी सैल करता येतो.

गैरसमज : पट्टा पाण्याचा, म्हणून घड्याळही पाण्याचे.

वस्तुस्थिती : पाणी अडवण्याचे काम घड्याळाच्या आतली रबरी वेष्टने करतात. पट्ट्याचा त्याच्याशी संबंध नाही. ‘३० मीटर’ लिहिलेले घड्याळ हात धुताना उडालेल्या शिंतोड्यांपुरतेच मानावे, पोहण्यासाठी नाही. नायलॉनचा पट्टा भिजून खराब होत नाही, पण ओलावा आणि घाम धरून ठेवतो. कोकणातल्या पावसाळ्यात तो दिवसभर ओला राहिला तर वास येतो आणि मनगटाला खाज सुटते. घरी आल्यावर काढून वाऱ्यावर वाळवावा. लवकर वाळावा म्हणून इस्त्री फिरवू नये, नायलॉन वितळते.

गैरसमज : पकड सैल झाली की पट्टा टाकून द्यायचा.

वस्तुस्थिती : पकड सैल होण्याचे नेहमीचे कारण कचरा हे असते. आकड्यांमध्ये केस, लोकर, टॉवेलचे धागे जाऊन बसतात आणि फासे अडकायला जागाच उरत नाही. सुईने किंवा जुन्या टूथब्रशने खरखरीत बाजू साफ केली की पट्टा बहुतेक वेळा पुन्हा घट्ट बसतो. धुताना कोमट पाणी, थोडा साबण आणि वेल्क्रो बंद ठेवलेला, इतके पाळावे. उघडा ठेवला तर तो इतर कपड्यांचे धागे ओढतो आणि तेच धागे त्याच्यात अडकून बसतात.

सफाई करूनही टोक आपोआप उचलले जात असेल, मऊ बाजूचे फासे तुटून गुळगुळीत झाले असतील किंवा पिनेजवळची शिवण उसवली असेल, तर पट्टा बदलावा. बदलताना स्प्रिंग पिनाही नव्याच घ्याव्यात.